उभी ठेवलेली पद्मिनी सुरू होते आणि पुन्हा बंद पडते: दोष शोधण्याचा क्रम

वडिलांची किंवा आजोबांची प्रीमियर पद्मिनी दहा-पंधरा वर्षे शेडमध्ये उभी असते. घरातल्या कुणाच्या तरी मनात तिला पुन्हा रस्त्यावर आणायचे येते, नवी बॅटरी आणली जाते, एखादा मिस्त्री कार्बोरेटर साफ करून देतो, आणि गाडी खरोखरच सुरू होते. मग पहिल्या फेरीत दोन-तीन किलोमीटरवर ती गचके देते आणि बंद पडते. कार्बोरेटर पुन्हा उघडला जातो, गाडी पुन्हा सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. दुरुस्तीसाठी माझ्यापर्यंत येणाऱ्या बहुतेक पद्मिनी याच चक्रातून गेलेल्या असतात आणि मालक तोवर कंटाळून गाडी विकायच्या विचाराला आलेला असतो. दोष बहुधा अवघड नसतो. तो जिथे दिसतो तिथेच वारंवार दुरुस्त केला जातो, आणि ज्या ठिकाणी तो तयार होतो ती जागा कुणी उघडून पाहत नाही, म्हणून तो परत येत राहतो.

ही माहिती १०८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली फियाट ११०० डिलाइट, नंतरची प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी. डिझेलवर चालणाऱ्या १३७डी मॉडेलला यातले करंटचे, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या विजेचे, आणि कार्बोरेटरचे भाग लागू होत नाहीत. टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर मुंबईतल्या कोणत्याही स्टँडजवळचा मिस्त्री हा दोष ऐकूनच ओळखत असे. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती सेवेतून गेली, आणि तिच्याबरोबर हे रोजचे ज्ञानही गॅरेजांमधून ओसरू लागले. म्हणून मालकाने स्वतःच तपासणीचा क्रम समजून घेणे आता गरजेचे झाले आहे.

लक्षणे

गाडी बंद पडल्यावर ती किती वेळाने पुन्हा सुरू होते, हे सर्वांत उपयोगी लक्षण आहे, आणि नेमके तेच कुणी टिपून ठेवत नाही. पुढच्या वेळी घड्याळ पाहावे.

गचके देत, ताकद कमी होत बंद पडली आणि तीन-चार मिनिटांत पुन्हा सुरू झाली, तर पेट्रोल पोहोचत नाही असे समजावे. टाकीतला गंज आणि गाळ पेट्रोलच्या ओढीबरोबर तोंडाच्या जाळीवर जाऊन बसतो, इंजिन थांबताच ओढ संपते, गाळ खाली पडतो आणि वाट काही काळ मोकळी होते.

कोणतीही सूचना न देता, दिवा विझावा तशी एकदम बंद पडली आणि इंजिन निवल्यावर, वीस-तीस मिनिटांनी सुरू झाली, तर संशय ठिणगीसाठी जास्त दाबाचा करंट तयार करणाऱ्या कॉइलवर किंवा तिला साथ देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कंडेन्सरवर घ्यावा. हे दोन्ही भाग थंड असताना नीट काम करतात आणि तापल्यावर दगा देतात.

थंड असताना चोक ओढला तरच चालते आणि चोक आत ढकलताच बंद होते, तर कार्बोरेटरमधला स्लो जेट, म्हणजे मंद वेगाला पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, तुंबलेला आहे किंवा कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून इंजिन हवा ओढते आहे.

तापमानाचा काटा वर चढून मग ताकद गेली, तर पेट्रोल आणि करंट दोन्ही बाजूला ठेवून आधी पाण्याकडे जावे. गाडी थंड असतानाही एक सिलिंडर सतत मिस होत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल पेटत नसेल, तर प्लग आणि वायरनंतर व्हॉल्व्हचा विचार करावा लागतो.

एप्रिल-मे महिन्यांत, सिग्नलवर उभी असताना किंवा घाट चढून थांबल्यावर बंद पडली आणि इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपावर ओले फडके ठेवताच सुरू झाली, तर नळीत पेट्रोलची वाफ अडकली आहे. हे उन्हाळ्यात चांगल्या गाडीतही होते. मात्र अर्धवट तुंबलेल्या नळीमुळे ते फार लवकर होते, त्यामुळे ओल्या फडक्याने काम भागले म्हणून पुढची तपासणी सोडून देऊ नये.

किल्ली फिरवण्याआधी

गाडी अजून एकदाही सुरू केलेली नसेल तर मालक खरोखर नशीबवान आहे, कारण उभ्या गाडीचे सर्वांत मोठे नुकसान पहिल्याच सेल्फला होते. वर्षानुवर्षे न हललेल्या सिलिंडरच्या भिंतींवर तेलाचा थर उरलेला नसतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून पावसाळ्याची दमट हवा आत गेलेली असते. कोकणात किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत उभ्या असलेल्या गाडीत पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटलेल्या असण्याची शक्यता बरीच असते.

ऑइलची कांडी काढून पाहावी. ऑइल काळे असेल तर चालेल, पण ते दुधट किंवा चिखलासारखे असेल तर त्यात पाणी आहे; अशा वेळी इंजिन फिरवू नये, ऑइल आधी काढावे. नंतर चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चहाचा एक चमचा भरेल इतके पातळ इंजिन ऑइल सोडावे आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटवर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. जड वाटले तरी सलग फिरत असेल तर ठीक. एखाद्या जागी ठक्क करून थांबले, तर तिथे जोर करू नये. या इंजिनात पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, असतात. एखादा व्हॉल्व्ह चिकटलेला असताना जबरदस्तीने फिरवल्यास पुशरॉड वाकतो. व्हॉल्व्हवरचे झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, काढून कुणाला तरी इंजिन हळूहळू फिरवायला सांगावे आणि आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतात का ते पाहावे. कव्हरचे पॅकिंग स्वस्त असते, त्यामुळे ही तपासणी टाळण्याचे कारण नाही. पुन्हा पुन्हा ऑइल सोडून आठवडाभर वाट पाहूनही इंजिन फिरत नसेल, तर इथेच थांबावे आणि इंजिनवाल्या मिस्त्रीला बोलवावे. गाडीला दोर बांधून, गिअरमध्ये टाकून ओढणे हा त्यावरचा उपाय नाही. त्याने रिंगा तुटतात आणि सिलिंडरवर ओरखडे येतात.

एअर क्लीनर उघडून पाहायला पाच मिनिटे लागतात. उंदीर त्यात हमखास घर करतात आणि बोनेटखालच्या वायरी कुरतडतात. सायलेन्सरच्या टोकातही हात घालून पाहावे, कारण बुजलेल्या सायलेन्सरने गाडी सुरू होऊन लगेच गुदमरते आणि दोष मात्र कार्बोरेटरच्या माथी मारला जातो.

या टप्प्यावर कागदपत्रेही पाहून घ्यावीत. चासी आणि इंजिन क्रमांक आरसी बुकाशी जुळतात का, गाडीवर जुन्या कर्जाचा बोजा नोंदलेला आहे का आणि जुनी नोंद आरटीओच्या संगणकावर चढलेली आहे का, याची चौकशी पैसे ओतण्याआधी करावी. खाजगी गाडीच्या आरसीचे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद आहे, आणि सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. मात्र त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, हे ध्यानात घेऊन निवड करावी.

बॅटरी आणि अर्थिंग

उभ्या गाडीतली जुनी बॅटरी मेलेलीच असते, तिला चार्ज करून वाचवण्याच्या मागे लागू नये. नवी बॅटरी स्थिर असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. तरीही सेल्फ मंद फिरत असेल तर लोक सेल्फच खोलतात, आणि दोष असतो अर्थिंगमध्ये. बॅटरीचा ऋण टोकाचा पट्टा बॉडीला जिथे बोल्टने जोडलेला असतो तिथे, आणि बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना, गंजाचा थर धरतो. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थिंग खराब आहे. पट्टे काढून, जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करून, पुन्हा घट्ट बसवावे. मंद सेल्फमुळे प्लगला मिळणारा करंटही कमकुवत होतो, म्हणून ही तपासणी करंटच्या आधी यावी.

टाकीचे झाकण

ही तपासणी फुकट आहे, आणि तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. पेट्रोल कमी होत जाते तसे टाकीत हवा शिरायला झाकणातले बारीक छिद्र लागते. ते गंजाने बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येईनासे होते. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. हवा ओढल्याचा सूं असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर दोष सापडला. छिद्र बारीक तारेने मोकळे करावे. दुसऱ्या गाडीचे बिनछिद्राचे झाकण बसवलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. तसे असेल तर योग्य झाकण मिळवावे.

करंट

गाडी बंद पडल्याबरोबर, ती निवण्याच्या आत, करंट तपासणे महत्त्वाचे आहे. घरी आणून थंड झाल्यावर तपासले तर सगळे ठीकच दिसते. एक जास्तीचा प्लग जवळ ठेवावा. तो एका वायरीला जोडून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे, आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करावी, वायर सुक्या इन्सुलेटेड पकडीने धरावी आणि सेल्फ मारावा. निळी, कडकडणारी ठिणगी दिसली तर करंट चांगला आहे. पिवळी, बारीक किंवा तुटक ठिणगी दिसली तर दोष इथेच आहे.

डिस्ट्रिब्युटरमधले, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डेल्कोमधले, पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी तोंडे, वर्षानुवर्षे न वापरल्याने निष्प्राण होतात. ते चांगले दिसतात, पण त्यांच्या तोंडावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा थर बसलेला असतो आणि त्यातून कमी दाबाचा करंट जात नाही. बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून, मग कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी त्यांच्यामधून ओढून धूळ काढावी. पॉइंटमधले अंतर फिलर गेजनेच लावावे; गाडीवर कोणत्या बनावटीचा डिस्ट्रिब्युटर आहे यावर हा आकडा बदलतो, त्यामुळे ऐकीव आकड्यापेक्षा त्या डिस्ट्रिब्युटरचा आकडा शोधून काढावा. अंतर लावल्यावर टायमिंग बदलते, ते पुन्हा तपासावे. कॅप आतून कोरड्या फडक्याने पुसून केसासारखी चीर आहे का ते उजेडात पाहावे. प्लगच्या वायरी काढताना त्यांच्यावर खुणा कराव्यात. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असा आहे आणि दोन वायरी अदलाबदल झाल्या तर मागून पुढून फटाके वाजतात.

कंडेन्सर स्वस्त भाग आहे आणि गरम झाल्यावर निकामी होणारा भागही बहुतेक वेळा तोच असतो. तरीही जुना, मूळ कंडेन्सर चालत असेल तर तो फेकून देऊ नये, कारण बाजारात आज मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरचा दर्जा फार कमी-जास्त असतो. ओळखीच्या जुन्या दुकानातून दोन घेऊन एक गाडीत ठेवावा. कॉइलचा संशय असेल तर ती हाताला चटका बसेल इतकी तापली आहे का ते पाहावे, ओल्या फडक्याने थंड करून गाडी सुरू होते का ते पाहावे, आणि मग चालू गाडीतली चांगली कॉइल तात्पुरती लावून खात्री करून घ्यावी. डिस्ट्रिब्युटरचा मधला दांडा हाताने डावी-उजवीकडे हलत असेल तर बुश झिजले आहेत. पॉइंट कितीही लावले तरी टिकणार नाहीत. हे काम डिस्ट्रिब्युटर दुरुस्त करणाऱ्या ऑटो-इलेक्ट्रिशियनचे आहे.

पेट्रोल: टाकीपासून पुढे

करंट चांगला असूनही गाडी बंद पडत असेल तर बाटलीची परीक्षा घ्यावी. पंपाच्या आत येणाऱ्या टोकाची नळी काढून तिथे स्वच्छ पेट्रोलने भरलेल्या छोट्या कॅनमधून नळी जोडावी आणि गाडी जागेवरच अर्धा तास चालू ठेवावी. कॅन सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून आणि बॅटरीपासून दूर, पक्का बांधलेला असावा, जवळ अग्निशामक असावा, शेडचे दार उघडे असावे आणि अशा अवस्थेत गाडी रस्त्यावर अजिबात नेऊ नये. अर्धा तास गाडी नीट चालली तर पंप आणि कार्बोरेटर निर्दोष आहेत आणि दोष पंपाच्या मागे, म्हणजे नळी किंवा टाकीत आहे. ही एक परीक्षा केली तर कार्बोरेटर कितीतरी वेळा विनाकारण उघडण्याचे टळते, म्हणून मी तिच्यासाठी इतका आग्रह धरतो. कॅनवरही गाडी बंद पडली तर पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, आणि व्हॉल्व्ह तपासावेत. पंपाखालच्या छिद्रातून पेट्रोल ठिबकत असेल किंवा इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर डायफ्रॅम फाटला आहे. तसे असेल तर पंप दुरुस्त होईपर्यंत इंजिन चालवू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते.

जुने पेट्रोल ओळखणे सोपे आहे. त्याला व्हार्निशसारखा आंबट, जड वास येतो आणि रंग गडद झालेला असतो. ते नव्या पेट्रोलमध्ये मिसळून संपवण्याचा मोह टाळावा, पूर्ण काढून टाकावे. काढताना ते काचेच्या बरणीत घेऊन अर्धा तास ठेवले तर तळाशी पाणी आणि गंजाची तपकिरी माती स्पष्ट दिसते. ती दिसली की दोषाचे मूळ सापडले असे समजावे.

इथेनॉलची गोष्ट इथे महत्त्वाची आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. पद्मिनीचे उत्पादन त्याच्या कितीतरी आधी थांबले असल्यामुळे तिच्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि पॅकिंग या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि मऊ करते, नळीच्या आतून काळे कण सुटतात आणि तेच जेटमध्ये जाऊन बसतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचतात. गंजलेल्या टाकीत हे थर नव्याने गंज वाढवतात. म्हणून सगळ्या रबरी नळ्या एकदम बदलाव्यात आणि नळीवर एसएई जे३० आर९ अशी खूण असलेला माल मागावा. साधी काळी नळी दोन पावसाळ्यांत पुन्हा तडकते. दुरुस्त केलेली गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नये, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतूनच ओल येते.

आता टाकी. आतून गंज धरलेली टाकी नुसत्या पेट्रोलने खळबळून साफ होत नाही. टाकी गाडीतून काढावी, पेट्रोलचा गेज बाहेर काढून भोकातून टॉर्चने आत पाहावे. मात्र टॉर्च बॅटरीवरचा, आवरण बंद असलेला असावा, तारेचा उघडा दिवा कधीही वापरू नये. हलकी लालसर धूळ असेल तर टाकीत थोडी बारीक साखळी आणि साबणाचे पाणी घालून ती हलवत राहावे, मग धुऊन, गंज उतरवणारे फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण सूचनेप्रमाणे ठेवून, पुन्हा धुऊन लगेच पूर्ण वाळवावे. ओली टाकी दुसऱ्याच दिवशी नव्याने लाल होते. टाकीतल्या जाळीकडे विशेष लक्ष द्यावे. ती फाटली असेल तर कचरा सरळ पुढे जातो आणि तुंबली असेल तर आधी सांगितलेले तीन-चार मिनिटांचे लक्षण दिसते. पापुद्रे सुटलेले असतील किंवा पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर आतून लेप देणाऱ्या रसायनांवर माझा विश्वास नाही: गंजावर दिलेला लेप गंजासकट सुटतो आणि त्याचे पापुद्रे नळीचे तोंड गच्च बंद करतात. अशी टाकी बदलावी किंवा त्या कामाच्या अनुभवी माणसाकडून तिचा तळ नवा करून घ्यावा. टाकीला स्वतः वेल्डिंग किंवा डाग मारणे हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते आणि धुतल्यानंतरही जोडांमध्ये पेट्रोल शिल्लक राहते.

टाकी आणि नळ्या झाल्यावरच पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवावा. पहिल्या काही फेऱ्यांत तो पाहत राहावा. त्यात तपकिरी धूळ पुन्हा साठली तर टाकीचे काम अपुरे राहिले आहे.

कार्बोरेटर

यानंतर कार्बोरेटर उघडायला हरकत नाही, आणि आता केलेली सफाई टिकेल. सहसा सोलेक्स कार्बोरेटर असतो. जेट तारेने खुपसू नये, छिद्राचे माप बिघडते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करावेत. फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग, हलवून त्यात पेट्रोल शिरले आहे का ते कानाने ऐकावे, निडल व्हॉल्व्ह आणि पॅकिंगचा संच नवा घालावा. इंजिनावर बसवताना खालच्या जोडाचा पृष्ठभाग सरळ आहे का ते पट्टीने पाहावे. जोड वाकलेला असेल तर इंजिन तिथून हवा ओढते, आणि कितीही ट्यून केले तरी आयडलिंग स्थिर होत नाही.

पाणी आणि उष्णता

या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे आहे. म्हणून एकदाही उकळू देऊ नये. हेड लोखंडापेक्षा जास्त फुगते, वाकते आणि पॅकिंग जाते. रेडिएटरमधले जुने पाणी काढल्यावर तपकिरी चिखल आला तर ब्लॉकही धुवावा लागेल. थर्मोस्टॅट काढून भांड्यातल्या पाण्यात ठेवून पाणी तापवावे. उकळीच्या आत तो उघडला पाहिजे. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणे हा गॅरेजमधला लोकप्रिय उपाय आहे आणि मी त्याच्या विरोधात आहे, कारण त्याने तुंबलेला रेडिएटर लपतो. रेडिएटर तुंबला असेल तर तो रेडिएटर दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावा. ब्लॉकवरच्या वर्तुळाकार झाकण्यांमधून पाणी झिरपते का तेही पाहावे. आतून गंजलेल्या झाकण्या तापल्यावरच ठिबकतात. पाणी सतत कमी होते आणि बाहेर कुठेही गळत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधट झाले आहे, यांपैकी काहीही दिसले तर गाडी चालवणे थांबवून हेड उतरवणाऱ्या मिस्त्रीकडे जावे. वाकलेले हेड मशीनवर सपाट करावे लागते, ते घरी होत नाही.

कॉम्प्रेशन

इथवर सगळे ठीक असून एक सिलिंडर मिस होतच असेल तर गेजने चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना होणारा दाब, घ्यावे. एकूण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक जास्त सांगतो. एखादा इतरांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह. उभ्या गाडीत व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंज असेल तर काही तासांच्या चालण्याने आकडा सुधारतो, म्हणून लगेच इंजिन खोलू नये.

रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात लोक ब्रेक न पाहता गाडी गल्लीबाहेर काढतात. माझी सर्वांत कळकळीची विनंती याबाबत आहे. पद्मिनीला चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक असतात. ब्रेक ऑइलही हवेतली ओल शोषते, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात, आणि रबरी होज बाहेरून चांगले दिसत असले तरी आतून फुगून बंद होतात. मग ब्रेक दाबल्यावर लागतो पण सुटत नाही, गाडी ओढत चालते, आणि मालकाला वाटते की इंजिनाची ताकद गेली. होज, व्हील सिलिंडरचे संच आणि मास्टर सिलिंडरचा संच बदलून, सगळे जुने ऑइल काढून डॉट ३ ऑइल घालावे आणि हवा काढावी. पॅडल स्पंजी लागले किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेले तर गाडी हलवू नये; ब्रेकवाल्या मिस्त्रीला घरी बोलवावे. जुन्या लायनरची धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवू नये, तिच्यात अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी. टायरमध्ये खोली उरली असली तरी बाजूला चिरा असतील तर ते बदलावेत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय शिरू नये.

इंजिन चालू असताना गिअर खरखरत असतील आणि बंद असताना सहज पडत असतील, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. क्लच पॅडल दाबून, लाकडी दांड्याने सीटला टेकवून काही दिवस ठेवल्यावर ती बहुधा सुटते. न सुटल्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

शेवटी पत्रा, आणि खरे तर गाडी विकत घेणार असाल तर हे सगळ्यात आधी. पद्मिनीला वेगळी चासी नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. दारांखालचे लांब पट्टे, जमिनीचा पत्रा आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे टेकू पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावेत. ठण्ण आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भद्द आवाज आला, पेचकस आत गेला किंवा जाड पुट्टी निघाली, तर गाडीचा कणा कमकुवत आहे. दार उघडताना वर उचलावे लागत असेल तर बॉडी खचली आहे. हे काम घरचे नाही आणि साध्या डेंटिंगवाल्याचेही नाही. गाडी मोजमापाने आधार देऊन नवा पत्रा वेल्ड करणाऱ्या, जुन्या गाड्यांचे काम केलेल्या माणसाकडूनच ते करून घ्यावे. त्याचा अंदाज इंजिनाच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त येऊ शकतो, म्हणून इंजिनावर एक रुपयाही घालण्याआधी तो घ्यावा.

मिस्त्रीकडे जाताना गाडीबरोबर एक कागद न्यावा: गाडी किती मिनिटांनी बंद पडते, किती वेळाने सुरू होते, बंद पडल्यावर ठिणगी कशी होती, झाकण उघडल्यावर काय झाले, कॅनवर किती वेळ चालली आणि आजवर काय काय बदलले आहे. सुटे भाग आधीच जमवलेले असतील तर उत्तम. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउस, पुण्यात नाना पेठ इथे अजून शोधल्यास बरेच मिळते. जुना भाग बरोबर घेऊन जावा आणि नवा भाग त्याच्याशेजारी ठेवून मापाने जुळवूनच पैसे द्यावेत.